एका दमाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द

मी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू होते, असं मी अलीकडे लोकांना बेधडक सांगते. त्यात खोटं काही नाही. समोर फिलिपिन्स असायचं, इकडे भारत असायचा. शिवाय मी व्यावसायिक होते, कारण खेळल्याबद्दल मोबदला मिळायचा: दर सामन्याला एक गोठवलेली कोंबडी. कारकीर्द एप्रिलमध्ये सुरू झाली आणि जूनच्या आत आटोपली. तीन सामने, एक गोल. नवरा या सगळ्याला अजून हसतो, पण त्या तिन्ही कोंबड्यांचा रस्सा त्याने ओरपलेला आहे, तेव्हा त्याने गप्प बसावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बहारीनमध्ये, उम्म अल हस्समला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा सलमाबादला एका एअर कंडिशनिंगच्या कंपनीत टेक्निशियन, मी एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. मूळचे आम्ही अकोल्याकडचे. मुलगी बारा वर्षांची, इंग्रजी शाळेत सातवीला. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मी रागावले की माझा राग वऱ्हाडीत सुरू व्हायचा आणि तिचं "ओके, ओके" ऐकून तिथेच विझायचा.

त्या वर्षी आम्ही तिला नागपूरला पाठवायचं ठरवलं होतं. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन दोन वर्षांचं, व्हिसा पुढे वाढेल की नाही याची कायम धाकधूक. अर्ध्यात शाळा सुटण्यापेक्षा आठवीपासून माझ्या बहिणीकडे राहून शिकू दे, असा हिशेबी विचार. ओळखीतली सगळीच घरं असं करायची. ठरवलं आम्ही दोघांनी, तिला विचारलं नाही. तिला कळलं ते तिकिटाचा फोन तिनेच उचलला तेव्हा. फोन ठेवून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नोबडी आस्क्ड मी." त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं "फाइन" आणि "ओके" या दोन शब्दांवर आणून ठेवलं. बापाशी मात्र व्यवस्थित गप्पा. जसं काही तिकीट मी एकटीनेच काढलं होतं! मला फार लागलं ते. जूनमध्ये ती जाणार होती, आणि त्याआधी तिने एकदा तरी माझ्याकडे बघून खूश व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

तेवढ्यात जयंती आली. बाबासाहेबांची जयंती आम्ही जवळच्या शुक्रवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये करायचो. वंदना, भाषणं, जेवण, आणि मग महिलांची संगीत खुर्ची. मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलेली, चढाईला मीच. ते पंधरा वर्षं अंगात झोपलेलं होतं. शेवटची खुर्ची उरली, समोर कमिटीच्या सेक्रेटरींच्या सौभाग्यवती. गाणं थांबलं, त्या बसायला वाकल्या, आणि मी त्यांच्या कमरेला पकड घालून त्यांना उचलून बाजूला ठेवलं. ढकललं नाही, ठेवलं. माझी मुलगी टेबलाखाली काहीतरी शोधायला लागली.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी, साताऱ्याच्या, एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होत्या. त्यांनी तिथल्या एका फिलिपिनो नर्सला कार्यक्रमाला आणलं होतं. बुटकीशी, हसरी बाई. ती माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, "मॅडम, यू प्ले फुटबॉल?" नर्सेसची एक टीम होती, ती तिची कॅप्टन. बिचाऱ्यांना खेळायला समोर कोणी मिळत नव्हतं, आपसांतच खेळून कंटाळल्या होत्या. मी नाही म्हणणारच होते. पण तेवढ्यात मुलीने टेबलाखालून डोकं वर काढलं आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तीन शब्दांचं वाक्य बोलली: "शी कान्ट प्ले."

"येस," मी नर्सला म्हणाले. "आय प्ले. व्हेरी मच."

टीम उभी राहिली ती आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये. तिकडे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात. ते चालवणारे चाचा रायगडकडचे कोकणी मुसलमान, तीस वर्षं बहारीनमध्ये, आणि फुटबॉलचे वेडे. त्यांनी लगेच स्वतःला कोच नेमलं, चाचींना गोलकीपर नेमलं, आणि स्पॉन्सर म्हणून प्रत्येकीला दर सामन्याला एक कोंबडी जाहीर केली. कोंबडी ब्राझीलहून आलेली असायची. आमच्या फुटबॉलमध्ये ब्राझीलचं असं तेवढंच होतं. वहिनी शाकाहारी, म्हणून त्यांना लबानच्या दोन बाटल्या. ताक ते, पण लबान म्हटलं की मानधन वाटतं.

जर्सीही चाचांनी दिल्या. सगळ्या एक्स्ट्रा लार्ज, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या, त्या आम्ही सलवारवर चढवल्या. पाठीवर नंबर छापायचा राहून गेला आणि पोटावर दुकानाचा फोन नंबर मात्र ठळक आला. पहिल्या सामन्यात रेफरी, म्हणजे त्याच क्लिनिकमधली एक वयस्कर नर्स, मला ताकीद देताना तो सहा आकडी नंबर शेवटपर्यंत वाचायची. शेजारच्या बिल्डिंगमधली एक जण नवऱ्याचे सेफ्टी शूज घालून आली, पुढे लोखंड असलेले. नर्सेसच्या कॅप्टनने वाकून बोटाने ते ठोकून पाहिले आणि गोड हसून म्हणाली की फ्रॅक्चरची ड्युटी तिला उद्या आहे, आज नाही.

मैदान म्हणजे नवऱ्याच्या कंपनीचं सलमाबादचं यार्ड. शुक्रवारी बंद असायचं, भोवती पुरुषभर उंचीपेक्षा जास्त भिंत. सकाळी सहाला खेळायचं, कारण आठनंतर वाळूवर पाय ठेववत नसे. नर्सेसची एकच अट होती: आत पुरुष नको. त्यामुळे आमचे कोच आणि माझा नवरा भिंतीबाहेर पिकअपला टेकून चहा पीत उभे. आत काय चाललंय ते चाचांना दिसायचं नाही, आणि न दिसता गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाहेरून सारखा आवाज, "यल्ला पोरींनो! पुढं जा! काय झाला? कोणीतरी सांगा गो, काय झाला?"

शेवटी त्यांनी माझ्या मुलीला गाठलं. ती शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी राहून मुलांचा फुटबॉल बघत वाढलेली, तिला सगळे नियम पाठ. तिने आतल्या लाकडी खोक्यांवरून चढून भिंतीवर बसायचं आणि बाहेरच्यांना कॉमेंटरी द्यायची. बदल्यात कोलाचा कॅन. तिने खांदे उडवले, "फाइन" म्हणाली आणि भिंतीवर चढून बसली, एक पाय भारतात आणि एक पाय पुरुषांत.

आता आमच्या खेळाबद्दल खरं सांगायला हवं. आम्ही सात जणी, त्यातल्या चौघी शाळेत कबड्डी खेळलेल्या. फुटबॉल कोणीच नाही. चाचांनी दुकानात टोमॅटोचे डबे मांडून त्यांच्यामधून बॉल न्यायला शिकवलं होतं, पण डबे अंगावर येत नाहीत. पहिल्या सामन्यात नर्सेस अंगावर आल्या आणि आमच्या बचावातल्या दोघींनी न ठरवता एकमेकींचे हात धरून साखळी केली. रेफरीने शिट्टी वाजवली, मग तिला प्रश्न पडला की नेमकं चुकलंय काय, कारण हातात हात धरू नये असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. चाचींनी तर बॉल सोडला आणि बॉल आणणाऱ्या नर्सचा घोटा धरला. असा घट्ट धरला की नर्स आडवी, चाची आडव्या, आणि बॉल आपला संथपणे गोलमध्ये.

"काय झाला?" बाहेरून चाचा.

"युवर वाइफ कॉट अ लेग," भिंतीवरून उत्तर.

"कोणाचा?"

माझी कथा त्याहून लाजिरवाणी. बॉल माझ्या पायात आला तो निव्वळ अपघाताने. समोर मोकळी वाळू. मी दम धरला आणि धावले. ओठ आपोआप पुटपुटायला लागले, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पाय सुरेख चालत होते. एक नर्स मागे पडली, दुसरी मागे पडली, गोल दहा पावलांवर. कॅप्टन आडवी आली, माझा हात तिच्या खांद्याला लागला. आणि हात लागल्याबरोबर माझ्या डोक्यात पंधरा वर्षांपूर्वीचं काहीतरी वाजलं: गडी बाद झाला, आता घरी पळ. मी बॉल तिथेच सोडला, गर्रकन वळले, वाकून, हात पुढे ताणून, जीव तोडून उलटी धावले आणि मधल्या रेषेवर स्वतःला झोकून दिलं.

माझ्या संघाने टाळ्या वाजवल्या! चौघींनाही क्षणभर वाटलं, पॉइंट आला. नर्सेस बॉलकडे बघत उभ्या होत्या, त्यांना वाटलं यात काही डाव असेल. मग भिंतीवरून माझ्या मुलीचा आवाज आला, अगदी हळू:

"माय मॉम हॅज गॉन होम. आय डोंट नो व्हाय."

सामना आम्ही सहा शून्यने हरलो. कोंबडी मिळाली. घरी येताना पिकअपमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत होती. नवरा म्हणाला, "कायले या भानगडीत पडली तू? पोरीले लाज वाटून रायली ना." माझा असा तिळपापड झाला की त्या दिवशी मी कोंबडी नीट वितळूही न देता कापायला घेतली आणि सुरीचं टोक मोडलं. राग नवऱ्यावर नव्हता, स्वतःवर होता. एक साधी गोष्ट, बॉल पुढे न्यायचा, आणि तीही मला शेवटपर्यंत नेता येऊ नये?

मग सराव. दुकान बंद असताना दुपारी, गल्लीत, कधी आमच्याच पॅसेजमध्ये. चाचा म्हणाले, आधी ते कबड्डी कबड्डी बंद करा भाभी. मी तोंड मिटून धावले तर पाय एकमेकांत अडकले आणि मी कांद्याच्या पोत्यांवर. दोनदा तसं झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "खलास. भाभींना बोलू द्या. तोंड बंद झाला की पाय बंद होतात." राहिला प्रश्न मागे फिरण्याचा. त्यावर चाचींनी तोडगा काढला की सगळ्यांच्या कोंबड्या बर्फाच्या पेटीत घालून नर्सेसच्या गोलमागे ठेवायच्या, म्हणजे भाभीला तिकडे काहीतरी ओढ राहील. मी म्हणाले, मी एका कोंबडीसाठी धावेन असं वाटलं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, सहा आहेत.

दुसऱ्या सामन्यात मी तीनदा गेले आणि तीनदा परत आले. एकदा तर बॉल घेऊन परत आले आणि आमच्याच गोलच्या इतकी जवळ पोहोचले की चाचींनी माझा घोटा धरला. नर्सेसना आता सवय झाली होती. त्या मला फार नेटाने अडवायच्या नाहीत. हात लागेपर्यंत वाट बघायच्या, मी वळले की बॉल घेऊन निघायच्या. एकीने तर जाताना "बाय बाय, मॅडम" म्हटलं. भिंतीवरची कॉमेंटरी आता नुसती आकड्यांवर आली होती. "फोर-झिरो." मग थोड्या वेळाने, "फाइव्ह."

त्या आठवड्यात तिची बॅग आम्ही पलंगाखालून काढली. तिने स्वतःचे कपडे स्वतःच भरले, मला हात लावू दिला नाही. मी दारात उभी राहून म्हणाले, "उशी घेऊन जाशील का तुझी?" ती म्हणाली, "ओके." मी पॅसेजमध्ये गेले आणि टोमॅटोचे डबे मांडून एकटीच बॉल मारत बसले. खालच्या मजल्यावरचे सुदानी काका वर येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना? मी म्हणाले, अल्हमदुलिल्ला, फुटबॉल आहे.

तिसरा सामना मेच्या शेवटच्या शुक्रवारी. सकाळी सहालाच गरम वाफा. बर्फाची पेटी गोलमागे, तिच्याखालून पाण्याचा ओघळ. आम्ही चार शून्यने मागे होतो आणि ही आमची आतापर्यंतची सर्वात चांगली कामगिरी होती. शेवटची पाच मिनिटं राहिली, आणि वहिनींनी डोळे मिटून मारलेला बॉल माझ्यापुढे येऊन पडला.

दम धरला. कबड्डी, कबड्डी. एक गेली, दुसरी गेली. कॅप्टन समोर आली आणि तिने स्वतःहून खांदा पुढे केला, हात लावून घ्यायला. इतकी सभ्य बाई मी आयुष्यात पाहिली नाही. गोलकीपर तर गोल सोडून बाजूला सरकली होती, मी गेले की बॉल उचलायचा म्हणून. माझा हात लागला. अंग वळायला लागलं. डावा पाय वळलासुद्धा.

"आई!" भिंतीवरून किंचाळी आली. "आई, वापस नोको येऊ! तिकडंच जाय! वापस नोको येऊ!"

ती वऱ्हाडी बोलत होती. माझीच, शब्दन् शब्द माझा. मी कधी तिला शिकवली नव्हती, रागावताना सांडलेली तिने उचलून ठेवली होती. माझा दम तिथेच सुटला. कबड्डीच्या हिशेबाने मी बाद झाले होते, मग आता घाबरायचं कशाला? उजवा पाय पुढे गेला, बॉल समोर होता, मी मारला. मोकळ्या गोलमधून बॉल गेला, बर्फाच्या पेटीवर आदळला, पेटी उलटली आणि सहा ब्राझिलियन वाळूत पसरल्या.

पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. चढाई केली की परत यायचं, नाहीतर तुम्ही त्यांचे. मी परत आले नव्हते. मी त्यांच्या गोलसमोर दोन्ही हात लोंबकळत सोडून उभी राहिले. नर्सेस टाळ्या वाजवत होत्या, माझ्या बायका नाचत होत्या, बाहेर चाचा बोंब मारत होते, "काय झाला? अरे, मेला का कोणी? काय झाला?" कोणी उत्तर देईना, कारण कॉमेंटेटर भिंतीवर नव्हतीच. नवरा अट मोडून पिकअपच्या टपावर चढला आणि त्याला दिसलं ते असं की त्याची बायको वाळूत उभी राहून रडतेय आणि आजूबाजूला कोंबड्या.

मुलगी खोक्यांवरून उतरून पळत आली होती. तिने माझं मनगट धरलं, मला ओढत मधल्या रेषेपर्यंत आणलं आणि रेषेच्या अलीकडे उभं केलं. "नाऊ यू कॅन कम," ती म्हणाली. नंतर तिने रेफरीशी भांडून मला फाउल मिळवून दिला, कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही. सामना आम्ही चार एकने हरलो. दुपारी रस्सा झाला. तिने दोनदा घेतला आणि बापाला पूर्ण गोल पुन्हा ऐकवला, मला हातवारे करायला लावून.

जूनमध्ये सगळ्यांचीच लीव्ह सुरू झाली. कोणी साताऱ्याला, कोणी रायगडला, कॅप्टन मनिलाला. टीम संपली. जर्सीने आम्ही पुढे बरीच वर्षं फरशी पुसली, फोन नंबरची बाजू खाली करून.

मुलीचं विमान दुपारचं होतं. बारा वर्षांची एकटी जाणार, म्हणून एअरलाइनची एक मुलगी तिला न्यायला आली होती. नवरा पासपोर्टबद्दल त्याच त्या सूचना पाचव्यांदा देत होता. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, आणि त्यासाठी मी घरापासूनच जवळजवळ दम धरून बसले होते. ती कठड्यापलीकडे गेली. बॅग, काखेत उशी, पाठ ताठ. एकदाही वळली नाही. मला ओरडून सांगायचं होतं, वापस ये, नको जाऊ, आमचं चुकलं, तुला विचारायला हवं होतं. मी कठडा घट्ट धरून ठेवला.

पासपोर्टच्या काउंटरपर्यंत ती पोहोचली. तिने हात पुढे करून काउंटरला टेकवला. मग उशी एअरलाइनच्या मुलीच्या हातात कोंबली, गर्रकन वळली, आणि वाकून, हात पुढे ताणून, त्या चकचकीत फरशीवरून उलटी धावत आली. ओठ हलत होते तिचे. पोलिस "यल्ला, यल्ला" करत मागे. तिने कठड्यावरून माझ्या हाताला हात लावला आणि धापा टाकत उभी राहिली.

"मी आली वापस," ती म्हणाली. "आता जाऊ?"

या वेळी ती मला विचारत होती. माझा दम संपला होता, म्हणून मी नुसती मान हलवली.